खिडकी एक सेकंद पुढे

मंगळवारी साडेसातला जयवंत गाडीत जाऊन बसतो.
कुठे जायचं नसतं.
एका घरात दोन लॅपटॉप लावले की आवाज घुमतो,
माझंच वाक्य त्याच्या खोलीतून परत माझ्याकडे येतं
आणि दुसऱ्यांदा ऐकताना फार कडू लागतं.
म्हणून तो दारासमोरच्या उतारावर,
वाय-फाय जेमतेम पोचतं तिथे, हँडब्रेक ओढून.
शेफिल्डच्या या गल्लीत तेवढी काळजी घ्यावीच लागते.
मी ओट्यापाशी,
लॅपटॉप साबुदाण्याच्या बरणीला टेकवलेला.

आणि मॉरा अ‍ॅबरडीनहून.
तिच्या मागे फर्नची कुंडी, दर आठवड्याला थोडी दाट.
पन्नास मिनिटांचे पासष्ट पौंड.
पहिल्याच दिवशी जयवंतनं मिनिटाचा भाव काढला
आणि मग सलग अकरा पौंड गप्प बसला.

भांडता का तुम्ही, तिनं विचारलं.
नाही, म्हटलं, आमचा अबोला आहे.
शब्द मराठीतच निसटला.
तिनं स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतला.
मी समजावत बसले :
अबोला धरायचा असतो, उपास धरतात तसा.
त्याला काय चालतं ते ठरलेलं असतं.
चहा झालाय, चालतं.
बॉयलरवाला येऊन गेला, चालतं.
उद्या निळा बिन, तेही चालतं.
एक नाव तेवढं चालत नाही.

कुणाचं, मॉरानं विचारलं.

आज सातवा मंगळवार.
आज मी ते घेतलं.
अद्वय. आमचा मुलगा.
डिसेंबरात जेवताना त्यानं सांगितलं
की तो आणि कॅलम मिळून घर घेतायत न्यूकॅसलला,
आणि त्याच्या बाबानं जे म्हटलं
ते मी इंग्रजीत सांगू शकणार नाही,
मराठीत तर नाहीच.
मी तेव्हा भात वाढत होते.
मी वाढतच राहिले.
अद्वय उठला तेव्हा त्याच्या ताटात
तीन माणसांचा भात होता.

स्क्रीनवरची जयवंतची चौकट काळी झाली.
नुसतं नाव उरलं, पांढऱ्या अक्षरात.
घ्या वेळ, मॉरा त्या नावाला म्हणाली, हळूच.
तिला वाटलं तो उठून गेला.

पण मला खिडकी आहे.
गाडीतली माझ्या बाजूची सीट पूर्ण मागे रेललेली,
त्या रात्री स्टेशनवर सोडताना
अद्वयनं लांब पायांसाठी सरकवली होती तशीच,
म्हणून पलीकडचा जयवंत दिसतो :
एक कान, एक गाल, लॅपटॉपच्या उजेडात निळसर.
त्यानं चष्मा काढून डॅशबोर्डवर ठेवला.
मग शर्टाची बाही.
मग दुसरी बाही.
लग्नाला एकतीस वर्षं झाली,
हे मी फक्त त्याचे वडील गेले तेव्हा पाहिलं होतं,
तेव्हाही पाठमोरं.

मॉराला सांगितलं नाही मी.
पासष्ट पौंडांत हे बसत नाही.

चौकट पुन्हा उजळली. चष्मा जागेवर.
त्याचे ओठ खिडकीत आधी हलले,
आवाज मागाहून, एक सेकंद उशिरा :
सॉरी. नेटवर्क गेलं होतं.
मी म्हटलं, हो, इकडेही गेलं होतं.

आठ वीसला मॉरा हात हलवून मावळली.
तो आत येईना.
मी त्याच्याच सपाता पायांत सरकवून
उतारावर गेले, दार उघडून बसले.
सीट पुढे घेतली नाही.
पाय पोचले नाहीत कुठेच.
सवयीनं पट्टा लावला, खट्ट वाजलं,
आणि तो दचकून म्हणाला, कुठे जायचंय?

कुकर लावलाय, म्हटलं.
किती शिट्ट्या झाल्या?
मोजल्या नाहीत.

त्यानं किल्लीला हात लावला,
फिरवली नाही.