गरम हौदाची वही

सकाळी साडेसहाला दार उघडते मी.
बाहेर अंधार, आणि तो काही आजचा नाही.
नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला,
तो आता जानेवारी संपता संपता येईल.
तोवर आम्हा आइसलँडच्या या खाडीकाठच्यांना
दिवस म्हणजे दुपारचा निळसर उजेड,
कुणीतरी दार किलकिलं ठेवून गेल्यासारखा.

वहीत आधी पाण्याचं लिहायचं:
मोठा तलाव एकोणतीस, गरम हौद एकोणचाळीस,
क्लोरीन ठीक, हवा उणे सहा.
माणसांसाठी वहीत रकाना नाही,
ती मी समासात लिहिते.

थोरगेर्दुर पहिली. मासळीच्या कारखान्यात
चाळीस वर्षं सुरी चालवून
तिची बोटं सरळ व्हायचं विसरलीत.
ती हात पाण्याखाली धरते,
एकेक बोट उघडते, मिटते,
कणीक मळावी तसं पाणी मळते.
"डॉक्टरनं सांगितलंय?" मी एकदा विचारलं.
"बोटांनीच सांगितलं."

बाल्दुर येतो खिशात चमचा घालून.
माशाच्या तेलाची बाटली माझ्या टेबलावर असते.
एक घोट, एक वेडंवाकडं तोंड,
आणि साठीतही हळूच मागे वळून बघणं,
आई बघत नाहीये ना.

योलांता पोलंडहून आलेली.
पहिला हिवाळाभर हनुवटीपर्यंत बुडून गप्प बसायची.
आमच्या भाषेतला पहिला शब्द तिला हौदानं शिकवला: गरम.
आता ती सरपंचबाईंना गटाराचा जाब विचारते,
आणि बाईंना पोहण्याच्या कपड्यांतच
उत्तर द्यावं लागतं. हुद्दा कपाटात असतो.

हालवार्दुर बोलत नाही.
बरोबर सातला सहा फेऱ्या, मग हौदाचा कडेचा कोपरा.
बायको गेली तेव्हापासून त्याची झोपही गेली.
रात्री दोनला त्याच्या स्वयंपाकघरात दिवा दिसतो.
दुपारनंतर कॉफी नको, योलांतानं बजावलं,
रेडिओ दुसऱ्या खोलीत ठेव, खिडकी बोटभर उघडी.
त्यानं ऐकून घेतलं. करूनही पाहिलं असेल.
दिवा जळतच राहिला.

गेल्या मंगळवारी सात वाजले. सव्वासात.
कोपरा रिकामा.
कुणी काही म्हणालं नाही.
साडेसातला थोरगेर्दुर पाण्यातून उठली,
मग सगळेच उठले.
ओल्या अंगावर लोकरी कोट, डोक्याला टॉवेल,
अशी ती वरात बर्फातून निघाली,
आणि मीही, गल्ल्याला कुलूप न लावता.
चढणीवर त्यांच्या केसांचे काटे झाले,
चालताना वाजत होते.

बाल्दुरनं दार ठोठावलं. एकदा. तीनदा.
मग मूठ सोडून, तळहातानं.

आत काहीतरी पडलं.
एक शिवी ऐकू आली, जुन्या खलाशांची, भरघोस.
इतकी गोड शिवी मी जन्मात ऐकली नव्हती.
दार उघडलं. गालावर उशीची घडी,
एकाच पायात मोजा.
"झोपलो होतो ना मी!" तो खेकसला,

आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थबकला.

योलांता रडायला लागली, मग शिंकायला.
त्यानं सगळ्यांना आत घेतलं, कॉफी चढवली.
कप चारच निघाले,
उरलेल्यांनी मुरांब्याच्या बरण्यांतून प्यायली.
झोप कशी लागली ते कुणी विचारलं नाही.
दृष्ट लागायची.

परतले तेव्हा तलावावर वाफ एकटीच पोहत होती.
समासात लिहिलं:
हालवार्दुर, उशीर. कारण: झोप.
मग पेन तसंच धरून राहिले.
नऊ वर्षांच्या वह्या, आणि समासात
माझं नाव एकदाही नाही.
त्या चढणीवर केस कोरडे होते ते माझेच.

बाहेर निळं व्हायला लागलं होतं.
बूट काढले. मोजे काढले.
हौदाच्या काठावर पाय सोडून
बसले जराशी, काही न लिहिता.