सातवी मेंढी

छापील पुस्तकात सफरचंदं होती.
तीन सफरचंदं अधिक दोन सफरचंदं.
इथे सोंग-कोलच्या काठी तीन हजार मीटरवर
औषधालासुद्धा झाड नाही.
गवत, वारा, नमद्याच्या तंबूतली माझी उन्हाळी शाळा,
नऊ मुलं,
आणि शेगडीत धुमसणारं वाळलं शेण.

म्हणून मैद्याची कागदी पिशवी उसवून
तिच्या कोऱ्या अंगावर कोळशाने सात मेंढ्या काढल्या.
चित्रकला माझी बेताचीच.
एकीला पाच पाय झाले, एकीचं पोट सुटलं.
दोघींवर फुली मारून विचारलं, उरल्या किती?

बायसल म्हणाला, आठ.

अरे, फुली मारली ना दोघींवर?
"फुली म्हणजे खूण, एजे.
आमच्या आजोबांच्या मेंढ्यांवर अशीच असते, निळी.
आणि ही पोटुशी आज-उद्या विणार. उशिराची आहे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.
मी फडकं शोधत राहिले,
जणू चूक कागदावरच होती.

संध्याकाळी त्याच्या बापाचा कळप उतरला
उतारावरून, एकाच लोंढ्यात, दोनशेच्या वर.
मी मोजायला घेतला. चाळिसाच्या आसपास हिशेब फिसकटला.
बायसल मोजत नव्हताच.
नुसता बघत होता, ओठ किंचित हलवत,
ओळखीच्यांना नावानं हाक मारावी तसा.

"दोन नाहीत," म्हणाला.
"फाटक्या कानाची. आणि ती, सारखी मागे वळून बघणारी."

बापानं घोडा वळवला.
काळोख पडल्यावर परतला,
खोगिरावर आडवी एक, कान फाटका.
दुसरीबद्दल कुणी काही विचारलं नाही.
चहा झाला.

सकाळी मी पुन्हा सात काढल्या.
एकीचा कान फाडला, एकीची मान मागे वळवली.
फुली मारली नाही या खेपेला.
वळून बघणारी बाहीने पुसली.

बायसल उठून कागदापाशी आला.
पुसलेल्या जागी बोट टेकवून उभा राहिला बराच वेळ.
"सहा," म्हणाला.
मग, "पण ती इथे होती ते दिसतंय."

हो, म्हटलं. दिसतंय.

मागून आयपेरी ओरडली, आता पुढचं गणित!
मी कागद उलटा केला.
तिकडे गिरणीची छापील कणसं होती, निळ्या शाईची,
ती त्यांनी आपली आपणच मोजायला घेतली.
माझी बाही काळी ती काळीच राहिली
दुपारपर्यंत.