नमुना क्रमांक चार

सोमवारी आम्ही नदी बाटल्यांत भरून घेतो.
दोरी, बर्फाचा खोका, इलाहीभाईंची जीप
आणि माझ्या पायांत भावाचे जुने गमबूट,
एक नंबर मोठे.

पहिली बाटली खडकवासल्याच्या खाली.
तिथलं पाणी अजून पाण्यासारखं वागतं.
खंड्या सूर मारतो, काही मिळालं तर घेऊन जातो.
दुसरी विठ्ठलवाडीला.
तिसरी भिडे पुलाशी, तिथला टेम्पो धुणारा पोरगा
आता ओळखीने हात करतो आणि विचारतो,
"मॅडम, पास का नापास?"
चौथी बंडगार्डनला.
चौथीसाठी मी श्वास रोखून वाकते,
तरी कळतंच की काल रविवार होता:
शहराने चादरी भिजवल्या, केस धुतले, मटण केलं.

प्रयोगशाळेत दोन थेंबांचा खेळ असतो.
पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी ढग उतरतो.
चौथीत उतरला तो पांढराच.
मी वहीत लिहिलं, हात धुतले,
सव्वासहाची बस पकडली.

दौंडकडे नदीकाठी दिलेल्या माझ्या नणंदेचं, वैजयंतावन्सांचं, म्हणणं आहे
की पुणं म्हणजे एक मोठी मोरी आहे
आणि आम्ही तिच्या भोकाशी राहतो.
खोटं नाही. त्यांच्या विहिरीला कधी कधी फेस येतो,
त्याला आमच्याच साबणाचा वास.

पण मीही गप्प बसणारी नाही.
दिवाळीत एकदा हिशेबच मांडला त्यांच्या ओट्यावर:
धनकवडीत चौथा मजला, दोन खोल्या,
माझी भिंत तीच लोखंड्यांची भिंत,
जानेवारीत त्यांची चूल आमच्या पाठीला लागते.
चौऱ्याऐंशी घरांना एक टाकी, एक जिना, जिन्यात एक दिवा.
बसमध्ये आम्ही साठजण एका इंजिनावर,
कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत,
त्या कोपराला सुद्धा वेगळं डिझेल लागत नाही.
छबूताई सुका कचरा उचलते,
पिशवी नुसती चुरगळून आवाजावरून सांगते
कुठलं प्लास्टिक विकलं जाईल.
आणि तुमच्याकडे?
दुधाला गाडी, शाळेला गाडी, डॉक्टरला गाडी,
चार खोल्यांना चार एसी,
ऊस गेला की पाचट पेटवायची, तीन दिवस सूर्य तांबडा.

वन्सांनी ऐकून घेतलं.
माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.
"हो," म्हणाल्या, "पण आमचा धूर
आमच्याच नाकात जातो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही. भाकरी मात्र संपवली.

या श्रावणात त्या गुडघा दाखवायला आल्या.
पाच मिनिटांवर हाडांचा डॉक्टर,
दहा मिनिटांवर दुसरा, पहिला पटला नाही तर.
रिक्षावाल्याशी भांडल्या, गच्चीवरून पर्वती पाहिली,
म्हणाल्या, झाडं बरी राखलीत की रे तुम्ही,
आणि खोकल्या. रात्रभर खोकल्या.
खिडकी लावली तर गुदमरत होत्या,
उघडली तर हायवे आत येत होता.

सकाळी नळ सोडला आणि ओंजळ भरून प्यायल्या,
उकळून ठेवलेलं तसंच राहिलं.
"केवढं गोड पाणी येतं गं तुम्हाला!"
मी म्हटलं, धरणाचं आहे.
"म्हणजे आमच्या आधीचं."
म्हटलं, हो. तुमच्या आधीचं.

मग त्या न्हायला बसल्या.
शिकेकाई, दोन बादल्या, वर आणखी एक.
कंबरेएवढे केस, निम्मे पांढरे,
दाराबाहेर मला नुसता तांब्याचा आवाज.
फेस मोरीच्या जाळीवर क्षणभर अडला,
फिरला,
आणि खाली गेला, चौऱ्याऐंशी घरांच्या एका नळीतून,
आंबील ओढ्याकडे, पुलांखालून,
माझ्या चौथ्या बाटलीच्या जागेवरून पुढे,

वन्सांची परतीची गाडी गुरुवारची होती.
पाणी त्यांच्या आधीच
त्यांच्या घराकडे निघालं होतं.