उमरेडकर साहेबांचा कान

रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, नील ऑर्मरॉड.
अजनीच्या मैदानावरच्या पोट्टींनी
पहिल्याच दिवशी त्याचं उमरेडकर करून टाकलं होतं.

वय एकेचाळीस. व्यवसाय रग्बी, तीन नंबर.
म्हणजे नेमकं काय, मी विचारलं.
तो म्हणाला, आठ जणांचं वजन
माझ्या मानेतून समोरच्या आठांकडे जातं.
बरं, म्हटलं, मग मानेपासून सुरू करू.

धंतोलीत दुसऱ्या मजल्यावर माझं क्लिनिक.
कूलर लावला तरी मे महिना आत येतोच,
खसाचा वास घेऊन.
टेबल त्याला पुरत नाही, पाय स्टुलावर.

अठराव्या वर्षी पहिला करार:
हा उजवा खांदा, एक प्लेट, सहा स्क्रू.
दुसरा क्लब, बरा पगार, भाड्याचं घर, ओला हिवाळा:
पाचवा मणका.
वरच्या गटात चढले ते साल:
नाक. पुन्हा नाक.
तो हाडं सांगत जातो,
मी बोटांनी तारखा चाचपते.

देशाचा शर्ट एकदाच. अठरा नंबर, राखीव.
ऐंशी मिनिटं रेषेबाहेर धावून अंग तापवत राहिला,
कोणी हाक मारली नाही.
न उतरलेल्याची मोजणी होत नाही तिकडे.
आईनं शर्ट धुवायला मागितला
तर म्हणाला, मळलाच नाही.
हे सांगताना तो हसला
अन् मानेचा स्नायू
माझ्या अंगठ्याखाली दगड झाला.

चौतिसाव्या वर्षी क्लबच बुडाला.
बातमी कळली तेव्हा तो बर्फाच्या टबात,
कमरेपर्यंत.
बाहेर यावं की राहावं, कळेना, म्हणाला.

बाहेर बाकड्यावर गोमाजी नंदनवार,
महालातल्या तालमीचे. गुडघ्यासाठी येतात,
फी कधी संत्री, कधी नुसताच आशीर्वाद.
त्यांनी गोऱ्याचा कान पाहिला,
सुजून, दुमडून, तसाच वाळलेला.
उठले. चष्मा काढला. आपला डावा कान पुढं केला.
दोघांनी दोन बोटांत धरून
एकमेकांचे कान चाचपले,
इतवारीत कापड बघतात तसे.
किती वर्सं? गोमाजींनी विचारलं.
त्याने बोटं दाखवली, सोळा.
माही बावीस, अन् पेन्शन नाई काई.
मी भाषांतर केलं.
तो म्हणाला, सेम.

दर मंगळवारी तो माझं नाव विचारतो.
दर मंगळवारी मी सांगते, हर्षलता.
तो मनगटावर पेनाने लिहून घेतो.
डोक्याला मार किती वेळा, या रकान्यात
त्याने एक प्रश्नचिन्ह काढलंय,
शाळकरी, नीटनेटकं.

शनिवारी मैदानावर गेले, पाहावं म्हणून.
त्याच्या तीन हुकुमांचं पोट्टींनी मराठी केलंय:
वाका. धरा. भिडा.
सोळा पोरी, कानांवर पट्ट्या बांधलेल्या,
डोकी एकमेकींत, गुडघे धुळीत.
मालगाडी सिग्नलला थांबलेली, गार्ड डब्यातून बघत राहिलेला.
मधेच करुणा गजघाटे उठली ती झोकांडत.
काही नाई झालं सर, खेळते मी.

त्याने शिट्टी फुंकली.
तिच्यासमोर उकिडवा बसला, त्या गुडघ्यांवर,
जे वाकवू नकोस म्हणून मी हात जोडले होते.
नाव सांग.
करुणा.
वार?
शनिवार. सर, तुमचं नाव?

तो गप्प. मनगटाकडे बघतो,
तिथे माझंच नाव, घामानं पुसट.
पोट्ट्या एका सुरात ओरडल्या, उमरेडकर!
करेक्ट, तो म्हणाला.

करुणाला तरीही बाहेर बसवलं.
ती रडली, शिव्याही दिल्या बहुतेक.
मग तो रेषेकडे वळला.
तिथे एक किडकिडीत पोरगी
कधीची जागच्या जागी उड्या मारत होती,
पाठीवर खडूने अठरा.

त्याने हाक मारली.