तांबडा पट्टा

लळिंगच्या उतारावर, काळ्या दगडात,
हातभर रुंद तांबडा पट्टा आहे.
नखाने खरवडला, गेरूसारखा सुटला.

खाली लाव्हा, वर लाव्हा,
मधे ही माती:
पुढचा थर येईस्तोवर
उन्हापावसात उघडी पडून मुरलेली,
मग एकदम भाजून निघालेली.

रुमालात मूठभर बांधून आणली.
वच्छला परसात वांग्यांना
तांदळाचं धुवण घालत होती.
हुंगून म्हणाली,
“त्यामा काय लायेल व्हतं?”

काही नाही, म्हटलं, तेव्हा माणूसच नव्हता.

“मी माणूसनं नही इचारत.”

आणि रुमाल झटकला तिने
कुंपणाकडच्या रोपाच्या आळ्यात.
ते जरा मागे राहिलंय,
आषाढापासून.