तीन मीटर

अँकोनाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
फरशीवर मी पिवळी पट्टी चिकटवलीय.
खुर्चीतून उठा, पट्टीपर्यंत जा, वळा,
परत येऊन बसा.
एल्व्हियो विचारतात, "याला उपचार म्हणतात?"

वय चौऱ्याऐंशी. मानेत, काखेत गाठी.
वजन तीन महिन्यांत सहा किलो खाली.
मुलगी ओर्नेल्ला कोटसुद्धा काढत नाही,
तिला तारीख हवीय, पहिलं सलाईन कधी.
माझ्यापाशी अजून नुसते प्रश्न.

आंघोळ स्वतः करता?
करतो.
मुलगी खिडकीबाहेर बघते.
मी पेन टेकवत नाही.
"पाठ सोडून," ते म्हणतात.
जिना?
चढतो.
मधे थांबता?
कुत्रा थांबतो.
स्वयंपाक?
इथे ते हसतात. "बाई, तो मला तिशीतही येत नव्हता.
त्याचे गुण कापू नका. तो आजार नाही, संसार आहे."
मग करतं कोण?
"करायची."

मार्चपासून पाव, कॉफी, कधी डब्यातला मासा.
ओर्नेल्ला आता बसते, कोटासकट.
सहा किलो. त्यातले गाठींचे किती,
थंड चुलीचे किती,
हे रक्ताच्या कुठल्याच तपासणीत येत नाही.

चाळीस वर्षं ते कास्तेलफिदार्दोत
अकॉर्डियन सुरात लावायचे.
"जुना बाजा आला की आधी कानस हातात घ्यायची नाही.
खोलीत अंधार करायचा, भात्याच्या आत दिवा ठेवायचा,
उजेड कुठून गळतो ते बघायचं.
पोरं थेट पात्यांना हात घालायची.
एक ओढ जास्त,
आणि साठ वर्षं वाजलेलं पातं
टक्‌ करून तुटायचं."
मग माझ्या कागदाकडे बघून,
"बघा, गळतंय कुठून."

मी बघते. कागदावर तीन चौकटी:
धडधाकट, मधला, नाजूक.
डॉक्टर बहुधा मधली भरतील,
औषध थोडं उतरवून, आहारवाल्या बाईंना आधी बोलावून.
"उतरवून म्हणजे कमी जगणार?" ओर्नेल्ला विचारते.
त्याला चौकट नाही.
मी म्हणते, पूर्ण डोस सोसला नाही तरी माणूस जातो.
वाक्य खरं आहे. तिला ते उपयोगी पडत नाही.

चालायला चौदा सेकंद लागले.
मी लिहून टाकते, फाइल मिटते,
तर ते पुन्हा खुर्चीच्या कडेला सरकलेले,
हात गुडघ्यांवर,
नजर पिवळ्या पट्टीवर.
"परत मोजा. मघाशी बूट सैल होता."

आकडा मी पहिलाच ठेवणार आहे.
घड्याळ पुन्हा सुरू करते.