आठपर्यंत मोजायचं

दाढ काढायला गेले आणि छत ओळखीचं निघालं.
फरशी नवी, भिंतींना फिकट पुदिन्याचा रंग,
पण वर ती गोल खाच तशीच आहे
जिथे आरशांचा गोळा टांगलेला असायचा.
म्हणजे हा डॉक्टर लिंडक्विस्ट
आणि त्याची ही मागे कलणारी खुर्ची
बरोबर ऑझीच्या ऑर्गनच्या जागी आहेत.

तेव्हा याचं नाव ब्लू मार्लिन.
एरी सरोवरात मार्लिन नसतो. कुणी विचारलंही नाही.
बारच्या वर फायबरचा मासा होता, एक डोळा गेलेला,
हिवाळ्यात त्याच्या लांब चोचीला लोक कानटोप्या अडकवत.

मी ट्रे फिरवायचे, बुधवार ते शनिवार.
ऑझी प्रुख्निक दिवसा इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर,
रात्री झालरीचा सदरा, केसांना तेलाची चकाकी.
डावा बूट काढून बाकाखाली सारायचा,
बेस पायाने वाजवायचा ना,
आणि बुटाला सूर कळत नाही म्हणायचा.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
टेबलांवरून ते दिसत नसे. मला दिसायचं.

त्या धुडाला जागं करायची एक रीत होती.
आधी पहिली कळ. आत काहीतरी घरघरायला लागे.
आठपर्यंत मोजायचं.
मगच दुसरी. घाई केलीत तर बसा मुकाट.
वर्षातून एकदा त्याच्या दोन इवल्या नरसाळ्यांत तेल,
म्हाताऱ्या मामाच्या कानात घालावं तसं, जपून.

आणि मग जे वाजायचं ते,
आता काय सांगू,
गुळमट. पाकात बुडवून वर लाल चेरी ठेवलेलं.
ब्राझील नकाशातही न पाहिलेल्या माणसाचा बोसा नोव्हा.
प्रत्येक गाण्याच्या शेवटी तोच लांबलेला, थरथरता सूर,
लाकडी कपाटात भोंगा गरगर फिरतोय
आणि खोलीभर लाटा, लाटा,
माझ्या ट्रेवरचे ग्लास एकमेकांना खेटायचे.

कॉलेजची पोरं मुद्दाम हसायला येत.
काळे स्वेटर, कोवळ्या दाढ्या.
खरा जाझ हा नव्हेच, म्हणत,
तो न्यूयॉर्कला, तळघरात, आणि तिथे कुणी जेवत नाही.
मीही हसायचे त्यांच्याबरोबर.
टिप चांगली द्यायचे.
ऑझीने एकदा मान वळवून पाहिलं होतं,
हात न थांबवता.

ट्रुडी वोझ्नेकच्या नवऱ्याचे कान
घणांनी कधीच नेले होते.
पहिलं गाणं तो त्या कपाटावर तळहात टेकून उभा राही,
डोळे मिटून, तापाच्या पोराचं कपाळ पाहावं तसा.
दुसऱ्या गाण्याला ट्रुडीला घेऊन नाचायचा.
ताल एकदाही चुकला नाही.
हे त्या काळ्या स्वेटरांना सांगायचं राहून गेलं.

मग टेप आली. टेपला पगार नको, रविवारची सुट्टी नको.
ऑर्गन चौघांना उचलेना, पाचवा रस्त्यावरून बोलावला,
बर्फात दोन खोल चाकोऱ्या उमटल्या दारापासून ट्रकपर्यंत.
कुठल्याशा चर्चने घेतला म्हणे,
तिथे तो फिरता भोंगा बंद करून ठेवला,
भक्तांना चक्कर येते म्हणून.
ऑझी टँपाला गेला. दोन नाताळ कार्डं आली,
दुसऱ्यावर अक्षर बायकोचं.

आता चांगलं संगीत मिळतं सगळीकडे.
नातवाने कानात घालायचं काहीतरी दिलंय,
त्यात तळघरातलं न्यूयॉर्कसुद्धा आहे, एकही खोकला नसलेलं.
ऐकते. चांगलंच आहे.
कुणाचा मोजा फाटलेला नाही.

डॉक्टरांनी सुई दिली, अर्धा ओठ परका झाला.
त्यांनी पायाने काहीतरी दाबलं,
आणि खुर्चीच्या पोटात कुठेतरी
मोटर घरघरली.

एक. दोन.
कपाटात भोंगा हलतोय.
तीन, चार. ट्रुडीने पर्स टेबलावर ठेवली.
पाच.
पाय हलवू नका, मिसेस हॅल्वर्सन.
मी आ वासलेली, उत्तर देता येत नाही.
डावा बूट केव्हाच गळून पडलाय.
सहा.
सात.